बिनआवाजाचं भांडण

या घरात भांडायचं असेल तर हातांनी भांडावं लागतं, हे ताई जिना चढता चढता साफ विसरून गेली होती. धाकट्या भावाला काय काय सुनवायचं ते तिनं बसमध्येच जुळवून ठेवलं होतं, पण चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला असा दम लागला की निम्मं जिन्यातच सांडलं. लिफ्ट बंद होती. थोरला भाऊ शहरभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो आणि त्याच्याच इमारतीची लिफ्ट कायम बंद, यावर पूर्वी घरात केवढी थट्टा चालायची. आता थट्टा करायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

बेलच्या बटणावर चिकटपट्टी होती. ती पाहिल्यावर ताईला आठवलं. तिनं नखानं दार खरवडलं आणि मुकाट उभी राहिली.

थोरल्यानं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यानं आतल्या खोलीकडे केला. वहिनी फोनवर आहे. ताईनं चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत आत आली. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि स्वतःच्या माहेरात चोरासारखं शिरायचं! तिचं डोकं तिथंच तापलं.

आता ही वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. घरातल्या लहान खोलीत, काचेच्या दाराआड, कानाला हेडफोन लावून ती एका कंपनीच्या फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायची. कंपनीची अट अशी की ग्राहकाला मागून घरचा आवाज ऐकू येता कामा नये. एकदा बेल वाजली तेव्हा तिला ताकीद मिळाली होती, एकदा सासू शिंकली तेव्हा दुसरी. तेव्हापासून घरानं जिभेला गाठच मारली. टीव्ही मुका झाला, नळ बारीक सोडायला लागले, पातेली टॉवेलवर ठेवायची पद्धत पडली. दुसरं एखादं घर असतं तर पिसाळलं असतं. यांना जमलं, कारण यांच्याकडे हातांची बोली होती.

ती गिरणीतली. बाबा आणि आई दोघंही कापड गिरणीत मागावर. तिथं एवढा कडकडाट की शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानापर्यंत पोचायचा नाही, म्हणून सगळं खातं हातांनी आणि ओठांनी बोलायचं. नवऱ्यानं बायकोला सांगितलेलं शंभर लोकांना कळायचं, हा त्यातला तोटा. बाबांनी ती बोली घरी आणली. दोन तर्जन्या एकमेकींत अडकवून झटक्यात सोडवल्या की ‘धागा तुटला’. ही खूण दिसली की जवळ असेल त्यानं हातातलं टाकून धावायचं, आणि माग पुन्हा चालू होईपर्यंत धागा कसा तुटला हे विचारायचं नाही, असा बाबांचा नियम. दूध उतू जाण्यापासून परीक्षेत गटांगळी खाण्यापर्यंत घरात सगळ्याला तो लागू होता. पुढे गिरणी गेली, आईचे कान गेले, मग बाबा गेले. हातांची बोली तेवढी राहिली, आणि वहिनीच्या नोकरीपायी पुन्हा कामाला लागली.

बाहेरच्या खोलीत धाकटा सोफ्याच्या कडेला अवघडून बसला होता. आई खुर्चीत जुना स्वेटर उसवत होती, तोंड काचेच्या दाराकडे करून. गेल्या काही दिवसांपासून तिनं आपली खुर्ची खिडकीपासून हलवून तिथं आणली होती. “इथं उजेड बरा येतो,” म्हणाली होती. उजेड तिथं अजिबात बरा येत नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाशी उजेडावरून कोण वाद घालणार?

ताईनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि धाकट्याकडे वळून दोन्ही हात कमरेवर ठेवले. ही खूण गिरणीची नाही, पण ती सगळ्या जगात कळते.

इथून पुढचं बोलणं हातांचं, ओठांचं आणि मधूनमधून फुसफुसण्याचं आहे, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आवाज कुणीही केलेला नाही.

“उद्या सामान घेऊन येतोयस म्हणे?” ताईनं विचारलं. “आणि मला सगळ्यात शेवटी कळवायचं?”

“तुला आधी कळवलं असतं तर तू आधी भांडायला आली असतीस,” धाकटा म्हणाला. “तेवढीच तुझी एक खेप वाचवली.”

“तोंड वर करून बोलू नकोस.”

“तोंड कुठं? हात वर केलेत.”

धाकटा एका मोठ्या शोरूममध्ये सोफे विकायचा. समोरच्या माणसाला बसतं करायचं त्याच्यासारखं कुणाला जमायचं नाही, आणि आता त्यालाच कुठं बसावं कळत नव्हतं. शोरूमचं शटर खाली आलं. शेवटच्या दिवशी मालकानं एकेकाला जवळ घेतलं आणि निरोपाची भेट म्हणून प्रत्येकाच्या हातात एक-एक उशी ठेवली. त्यानंतर भाड्याची जागा सोडायची पाळी आली. त्याची बायको घरी खोकी बांधत होती आणि तो इथं खोली मागायला आला होता.

“नोकरी शोधतोयस ना? की नुसता पडून असतोस?”

“पडून कसला राहतोय! पहाटे छातीत असं फडफडायला लागतं की उठून बसतो. तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, तुझं हृदय घोड्यासारखं आहे. म्हटलं, साहेब, घोड्याला निदान काम असतं.”

ताईला हसू फुटलं. तिनं तळवा तोंडावर दाबून धरला, खांदे मात्र हलत राहिले. थोरल्यानं दोघांकडे असं पाहिलं की जणू वर्गात बोलताना सापडलेत. हसू ओसरल्यावर ताईला एकदम थकवा आला. ती स्वतः आज घरातून निघताना गॅस बंद आहे की नाही बघायला जिन्यातून परत गेली होती, आणि बसथांब्यावरून पुन्हा. नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं तेव्हापासून तिला हे लागलं होतं. बटण बंद दिसायचं, हात लावला तर बंद लागायचं, आणि तरी मन म्हणायचं, बघ एकदा. पण हे इथं सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. माहेरी आपण मोठ्या.

“बरं, झोपणार कुठं तुम्ही दोघं?” तिनं विचारलं.

धाकट्यानं काचेच्या दाराकडे मान केली.

“ती खोली नाही मिळायची,” थोरला म्हणाला.

“रात्रीपुरती, दादा.”

“तिची सकाळची पाळी लवकर असते. संध्याकाळचीही धरलीय तिनं आता. मध्ये तुमच्या गाद्या, तुमची खोकी... शक्य नाही.”

“शक्य नाही म्हणजे काय? सख्खा भाऊ आहे तो,” ताई म्हणाली. भाऊ सख्खा आहे हे तिला याच क्षणी आठवलं होतं. “वहिनीनं कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसावं की. लोक जात नाहीत का ऑफिसात? आईला स्वतःच्या घरात मोकळेपणी खोकता येत नाही. मला बेल वाजवता येत नाही. एका माणसाच्या नोकरीसाठी अख्खं घर मुकं!”

“अगदी माझ्या मनातलं बोललीस,” धाकटा म्हणाला.

तासाभरापूर्वी बसमध्ये याच धाकट्याची खरडपट्टी काढायचं ठरवून निघालेली बाई आता त्याच्या शेजारी बसून थोरल्याकडे बोट रोखत होती. या भावंडांचं लहानपणापासून असंच. तिघांत दोघं कायम एका बाजूला, आणि कोणते दोघं ते चहा निवेपर्यंत बदलायचं.

थोरल्याचा जबडा दुखत होता. झोपेत तो दात खायचा. दाढा झिजल्यात असं दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा त्याला आधी लाजच वाटली, की असं काय खातो आपण एवढं? पूर्वी त्याला ठरलेल्या इमारती असायच्या, तिथले वॉचमन ओळखायचे, चहा विचारायचे. आता लिफ्ट कंपनी मोबाइलवर काम टाकायची आणि जो आधी बटण दाबेल त्याला ते मिळायचं. मोबाइल उशाखाली ठेवून झोपायचा तो. झोपायचा म्हणजे आडवा व्हायचा. मुलगी बाहेरगावी शिकायला होती, आई इथं होती, आता उद्यापासून धाकटा आणि त्याची बायको. या सगळ्याचा हिशेब मनात मांडायला घेतला की तो एकाच ठिकाणी येऊन टेकायचा. तिथं पोचला की त्याला थोडा वेळ बरं वाटायचं.

“ऐका,” त्यानं हात वर केला. “माझं काम आज आहे, उद्या नाही. याचं गेलंच. तुझ्या घरचं काय चाललंय ते तू सांगत नाहीस, पण मला दिसतंय. या घरात एक तिची नोकरी पक्की आहे.” त्यानं मूठ वळून दुसऱ्या तळव्यावर दाबली. पक्की. “तिला कुणी हात लावायचा नाही. तिच्या जिवावर सगळं उभं आहे.”

पुन्हा एकदा त्यानं मूठ तळव्यावर दाबली आणि सहज काचेकडे पाहिलं. आतून बायको त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तिला हातानंच सांगितलं, तुझं चालू दे.

आत वहिनीला ती मूठ दिसली होती.

काचेच्या दाराला आतून अर्धा पडदा होता आणि वरच्या अर्ध्यातून बाहेरचे हात दिसायचे. लग्न होऊन आली तेव्हा ही बोली पाहून ती घाबरली होती; सासरचे लोक आपल्यासमोर आपल्याबद्दलच काहीतरी बोलतायत असं वाटायचं. आता तिला ती त्यांच्यापेक्षा सफाईनं यायची. पक्की. हात लावायचा नाही. तिच्या जिवावर. कानाला हेडफोन होता आणि हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. समोरची स्क्रीन काळी होती. तिच्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, मिटलेलं.

नोकरी गेली होती. कशी गेली ते तिला अजून स्वतःला नीट सांगता येत नव्हतं, तर दुसऱ्याला काय सांगणार? आधी फोन मध्येच तुटायला लागले. लोक हॅलो हॅलो करायचे आणि ठेवून द्यायचे. तिला वाटलं, लाइन खराब आहे. दोन-दोन पाळ्या करून डोकं बधिर झालेलं असायचंच. खोलीत तोंडानं बोलायचं, बाहेर आलं की हातांनी, पुन्हा आत की तोंडानं. मग एक दिवस तिच्या वरच्या बाईंनी तिला एका फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की फ्रीज थंड होत नाही आणि त्यात बायकोची औषधं आहेत. “अहो, आहात ना तुम्ही? काय करू ते सांगा ना.” आणि तिच्या बाजूनं नुसती बाहीची सळसळ. तो फोन तिला पक्का आठवत होता. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. मागचं बटण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा, आणि काळजी करू नका. सांगितलं होतं ते हातांनी.

“मुद्दाम गप्प बसायचं म्हणजे ग्राहक कंटाळून फोन ठेवतो आणि तुमचे फोन भराभर उरकतात,” वरच्या बाई म्हणाल्या. “ही युक्ती आम्हाला नवी नाही. तुमच्याकडून मात्र अपेक्षा नव्हती.” खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाईंना वाटलं, पुन्हा तेच नाटक. त्यांनी तिची लाइन कायमची बंद केली.

तेव्हापासून आवाज नव्हताच. घसा दुखत नव्हता, गिळायला त्रास नव्हता. बाथरूममध्ये नळ सोडून तिनं स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं तर नुसती हवा आली. आणि घरात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. येणार कसं? या घरात बोलत होतं कोण? नवरा दमून येऊन आडवा व्हायचा, मुलीला मेसेज लिहिला की भागायचं. आपल्याला वेड लागतंय, ही एकच गोष्ट तिच्या मनात फिरत राहायची. रोज ती पाळीच्या वेळेला आत येऊन बसे, कारण बाहेर सगळे तिच्यासाठी चवड्यांवर चालत होते. त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं की आता टाचा टेकवा?

बाहेर आईनं स्वेटर मांडीवर ठेवला.

आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला फार दिसायचं. जन्मभर तिनं लोकांचे ओठ वाचले होते, मागांच्या आडून, धुळीतून, पाठमोऱ्या माणसाच्या गालावरूनसुद्धा. सुनेचे ओठ हलत नाहीत हे तिला केव्हाच कळलं होतं. खुर्ची हलवली ती त्यासाठी. आधी तिला वाटलं, समोरचा जास्त बोलणारा भेटला असेल. पण माणूस नुसतं ऐकतं तेव्हाही त्याच्या भुवया हलतात, ओठांचे कोपरे हलतात. हिचं काहीच हलत नव्हतं. सून आपण होऊन सांगेल म्हणून म्हातारी वाट बघत राहिली. आज थोरल्याची ती मूठ तिनं पाहिली, मग काचेआडचा चेहरा पाहिला, आणि वाट बघणं पुरे झालं असं तिला वाटलं.

ती उठली आणि सरळ काचेच्या दाराकडे निघाली.

तिघंही एकदम उठले. धाकट्यानं तिची बाही धरली, ताईनं हात जोडले, थोरला दारात आडवा आला. “आई, फोन चालू आहे!”

“सरक,” आई म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, आणि आईचा तर मुळात गिरणीतला. कितीतरी दिवसांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. थोरल्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. गेली नोकरी, असं त्याच्या मनात आलं.

आईनं दार ढकललं. सुनेच्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी अलगद काढला आणि टेबलावर ठेवला.

“किती दिवस बसणार आहेस इथं?” ती म्हणाली.

“आई, काय करतेस तू!” थोरला फुसफुसला. मग आईला दिसावं म्हणून पुढे येऊन ओठ ताणून म्हणाला, “लाइनवर ग्राहक—”

“कुठला ग्राहक? ते डबडं चालू आहे का ते तरी बघ.”

थोरल्यानं बघितलं. यंत्राच्या माणसाला बंद यंत्र कळायला वेळ लागत नाही. वायर गुंडाळून बाजूला ठेवली होती आणि तिच्यावर धूळ होती.

“कधीपासून?” त्यानं विचारलं. वहिनी खाली बघत राहिली.

“अगं, मग सांगायचं नाही का?” ताई म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज फुटला होता आणि तो तिलाच परका वाटला. “आम्ही आपले इथं हातवारे करतोय माकडांसारखे!”

“मी आपल्या पोरीला पुढच्या वर्षाच्या फीचंही कबूल करून बसलोय,” थोरला म्हणाला. आता त्यालाही आवाज आवरत नव्हता. “याला ये म्हणून सांगितलं. कशाच्या भरवशावर सांगितलं? मी रोज तिकडून येताना म्हणतो, जाऊ दे, घरी एक पक्कं आहे. आणि तू इथं नुसती बसून? एक शब्द नाही? मी कोण आहे तुझा? बोल ना. बोल काहीतरी!”

वहिनीनं तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलले, आणि काहीच आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं दोन्ही हात छातीसमोर आणले, तर्जन्या एकमेकींत अडकवल्या आणि झटक्यात सोडवल्या.

खोलीत कुणी हललं नाही.

“म्हणजे काय? आवाजाला काय झालं?” थोरला म्हणाला. “असा कसा आवाज—”

“दादा,” धाकटा म्हणाला. “नियम.”

थोरला त्याच्याकडे वळला. चांगली एक लगावून द्यावी असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. उद्या ज्याला आपण पोसणार तो आपल्याला नियम सांगतोय. पण धाकटा विनोद करत नव्हता. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. आईनंही थोरल्याकडे पाहिलं, आणि तिच्या त्या पाहण्यात बाबा होते.

थोरल्यानं तोंड मिटलं. त्याचे प्रश्न जबड्यातच राहिले, दाढांखाली. मग त्यानं पंजा उघडून हवेत खाली दाबला. थांब, आलो. मागापाशी उभं राहून बाबा असंच सांगायचे. दोनच पावलं होती, पण तेवढी टाकायला त्याला बराच वेळ लागला. तो तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला आणि तिनं त्याच्या डोक्यावर कपाळ टेकलं. ती रडत होती आणि रडण्यालाही आवाज नव्हता. तो मात्र मोठमोठ्यानं रडला, लहान पोरासारखा, नाक ओढत. आपण कशासाठी रडतोय, बायकोसाठी की नोकरीसाठी, ते त्याला वेगळं करता येत नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

धाकट्यानं ताईला कोपरानं ढोसलं आणि दोघं बाहेर आली.

नंतर कधीतरी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं. आईनं सुनेला आपल्या शेजारी घेतलं होतं आणि स्वेटरच्या लोकरीचं एक टोक तिच्या हातात देऊन गुंडा करायला लावला होता.

“आमच्या खात्यात एक होती,” आई म्हणाली. “दिवसभर धागे गाठायची. हात विजेसारखे चालायचे. पुढे पुढे झोपेतही तिचे हात गाठी मारायला लागले. चादरीच्या दशांना गाठी, पोरीच्या केसांना गाठी. लोक म्हणायचे, बाहेरचं काहीतरी आहे. बाहेरचं कसलं? ते आतलंच होतं, कामाचं. तिला तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. हिला न्यायचं.”

“नेऊ,” थोरला म्हणाला. “पण कुठल्या? घशाच्या?”

“घशाच्या नाही,” ताई म्हणाली. लोकरीचा एक सुटा तुकडा तिनं बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, “मी जाते त्या बाईंकडे नेऊ. मनाच्या डॉक्टर आहेत.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“असं काय बघताय? मला गॅसचं झालंय. बंद केला तरी बंद वाटत नाही. ह्यांना ठाऊक नाही, दुकानाचा आधीच घोर आहे त्यांना. मैत्रिणीकडे जाते सांगून जाते.” तिनं वहिनीचा गुडघा थोपटला. “चांगल्या आहेत गं. समोर नुसतं बसलं तरी रागवत नाहीत.”

“घोड्यांना घेतात का त्या?” धाकट्यानं विचारलं.

“गाढवांनाही घेतात.”

थोरला हसला, आणि हसता हसता त्याचा हात जबड्याकडे गेला. ताईनं ते पाहिलं. नुसती मान हलवली, म्हणजे तुझंही बघू.

काही सुटलं नव्हतं. धाकटा उद्या येणारच होता, खोलीचा प्रश्न आता उरला नव्हता इतकंच, आणि ते धाकट्यानं तोंडानं म्हणायचं धाडस केलं नाही. मुलीला काय कळवायचं ते ठरायचं होतं. थोरल्यानं मोबाइल उघडला तर मघाशी येऊन गेलेलं एक काम दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं. त्यानं मोबाइल पालथा ठेवला. मग उठून बाहेर जाऊन बेलवरची चिकटपट्टी काढायला लागला. ती इतकी चिकटली होती की नखानं तुकडे तुकडेच निघाले आणि डिंक तसाच राहिला.

ताईनं घरात जे होतं ते गरम केलं. धाकटा ताटल्या घेऊन आला. वहिनी सगळ्यांच्या मधे बसली होती, मांडीवर लोकरीचा गुंडा.

सगळ्यात वरची ताटली धाकट्याच्या हातातून निसटली. फरशीवर खळ्ळकन आवाज झाला आणि तुकडे पार सोफ्याखाली गेले.

सगळे जागच्या जागी थिजले. धाकट्याचं एक पाऊल अर्धवट उचललेलंच राहिलं. ताईनं श्वास रोखला. दारात थोरल्याचं बोट आपोआप ओठांवर गेलं. सगळ्यांनी काचेच्या दाराकडे पाहिलं. वहिनीनंही पाहिलं, त्यांच्याइतकंच घाबरून. आत रिकामी खुर्ची होती आणि टेबलावर हेडफोन.

आईला काही ऐकू गेलं नव्हतं. तिला फक्त चेहरे दिसले.

“काय झालं? काय पडलं?” तिनं खणखणीत विचारलं.

सांगायला कुणाला आवाज फुटेना. धाकट्याचे हात वर आले, पण हात ताटल्यांनी भरलेले.

“ताटली,” वहिनी म्हणाली.

खरखरीत आवाज होता, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. फोनवरचा तो गोड आवाज नव्हता. थोरला दारातून पुढे आला आणि तसाच उभा राहिला.

आईला तेही ऐकू गेलं नाही. पण सुनेचे ओठ हलताना तिनं पाहिले होते, आणि त्यावरचा शब्द तिनं नीट वाचला होता. तरीही तिनं कानामागं हात धरला आणि सुनेकडे वाकली.

“काय म्हणालीस? पुन्हा सांग.”

“ताटली फुटली, आई.”

“मोठ्यानं सांग,” आई म्हणाली.